तितूरचं विरजण

गिरणा विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेल्या मुलीला कोणी गाव विचारत नाही, शाखा विचारत नाही. विचारतात एकच: कुठल्या नदीची? कारण तिथली पहिल्या वर्षाच्या मुलींची चारही वसतिगृहं नद्यांच्या नावांची आहेत. मन्याड, अंजनी, बोरी आणि तितूर. एकदा उत्तर दिलं की ते जन्माला पुरतं. पुढे लेकुरवाळ्या झालेल्या बायका कुणाच्या लग्नात भेटल्या, तरी आधी आपापल्या नदीची शेखी मिरवतात आणि मग वधूवरांकडे वळतात.

मन्याडच्या पोरी म्हणणार, आमच्याकडे प्रत्येकीला स्वतंत्र खोली आणि दार आवाजावर उघडतं. अंजनीच्या म्हणणार, आमचं जेवण खोलीत येतं, तेही वाफाळतं. बोरीच्या गच्चीवर पोहायचा तलाव आहे. त्यात पोहताना फारसं कोणी दिसत नाही, पण तलाव आहे हे सांगताना मान अशी ताठ होते की विचारू नका. आणि तितूर? एका खोलीत चौघी, आंघोळीला रांग, छपराला दोन ठिकाणी ठिगळ. तरी सगळ्यात जास्त नाकाने कांदे सोलणार त्या तितूरच्याच. तुमच्याकडे आहे तरी काय, असं विचारलं तर म्हणतात, "आम्ही आहोत ना."

डॉ. शर्वरी निकुंभ तितूरची. पंधरा वर्षांपूर्वी ती नामपूरहून आली, तेव्हा तिच्या हातात एक रिकामी बरणी होती. त्याचं असं आहे, की तितूरला येताना गादी, बादली आणि कुलपाबरोबर घरच्या दह्याचं चमचाभर विरजण आणायचं असतं. पहिल्या संध्याकाळी सगळ्या नव्या पोरी आपापलं विरजण जेवणघरातल्या मोठ्या डेऱ्यात टाकतात. त्यात मागच्या वर्षीचंही थोडं असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या तेच दही खातात आणि मग वर्षभर त्याचंच पुढे लागत राहतं. शर्वरीची बरणी एसटीत उपडी झाली होती. ती दारातच रडायला लागली, मला परत जायचंय म्हणाली.

तितूरच्या रेक्टर उज्ज्वला बाविस्कर, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, पुढे आल्या. त्यांनी बरणीच्या गळ्याला चिकटलेलं दही चमच्याने खरवडलं आणि डेऱ्यात टाकलं.

"विरजणाला काय घागर लागते का गं? थेंब पुरतो. चल, हातपाय धू."

शर्वरी राहिली. शिकली, बाहेरदेशी जाऊन जिवाणूंवर डॉक्टरेट करून आली आणि त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाली. वर्ष संपताना घरी नेलेलं तितूरचं विरजण तिच्या आईने कधी मोडू दिलं नाही. शर्वरीच्या घरीही रोज तेच लागायचं. तिला त्यात काही विशेष वाटायचं नाही. घरचं दही, बस.

आता या पिढीचं दुखणं ऐका. हल्लीच्या पोरी येतात त्या कानात सखी घालूनच. कानसखी म्हणजे शेंगदाण्याएवढं यंत्र. ते बोलतं, ऐकतं, अभ्यास घेतं, रात्री अंगाईही म्हणतं. कधी भांडत नाही, उसनी बादली मागत नाही, घोरत नाही. अशी मैत्रीण असल्यावर शेजारच्या खोलीत कोण राहतं याची फिकीर कोणाला? पोरी सखीशी बोलत बोलत एकट्या पडत गेल्या आणि दिवाळीच्या सुट्टीला गेलेल्या कित्येकजणी परत आल्याच नाहीत. का, ते कळेना. प्रश्नावल्या वाटल्या तर त्या सखीच भरून द्यायची आणि सगळ्यांचं सगळं छान असायचं.

कुलगुरू रहाळकर वैतागले. त्यांनी शर्वरीला बोलावलं. "मला मुली काय सांगतात ते नको, मुली कशा राहतात ते हवं. चारही वसतिगृहांची तुलना करा. जे शेवटचं येईल ते पाडून नवी इमारत बांधायची. पण निवाडा पुराव्यावर झाला पाहिजे."

कुठलं पाडायचं हे सगळ्यांना माहीतच होतं. ठिगळं एकाच छपराला होती.

शर्वरीची पद्धत साधी होती. आपल्या प्रत्येकाच्या तोंडात, कातडीवर, पोटात कोट्यवधी जिवाणू राहतात आणि ज्याचं त्याचं मिश्रण वेगळं असतं. माणसं एकत्र राहू लागली, एका ताटात जेवली, एकमेकींच्या वेण्या घातल्या, एकीच्या गादीवर दुसरी लोळली, की हे जिवाणू इकडचे तिकडे होतात. वर्षभर खरंखुरं सोबत राहिलेल्या दोघींचं मिश्रण बरंचसं जुळायला लागतं. तोंडाने खोटं बोलता येतं, तोंडातल्या जिवाणूंना येत नाही. प्रवेशाच्या दिवशी आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, जिवाणूंचे जनुकीय ठसे यंत्राने वाचायचे आणि एका वसतिगृहातल्या मुली एकमेकींत किती मिसळल्या याचा आकडा काढायचा. या आकड्याला शर्वरीने सहवासांक असं भारदस्त नाव दिलं. पोरींनी दुसऱ्याच दिवशी त्याची मिसळ केली. "आमची मिसळ तुमच्यापेक्षा झणझणीत येणार बघ," असं जिन्यावर ऐकू यायला लागलं.

वर्षाच्या शेवटी काड्या घ्यायला शर्वरी स्वतः फिरली. मन्याडला अन्विता खैरनार नावाची सटाण्याची मुलगी दार किलकिलं करून उभी राहिली.

"इथे कोणाशी ओळख झाली का गं?" शर्वरीने सहज विचारलं.

"या इमारतीत? नाही, मॅडम. पण ठीक आहे. सखी असते."

तिने काडी दिली, दार आपोआप मिटलं आणि आतून कोणाशी तरी हळू बोलण्याचा आवाज आला.

आकडे आले, आणि शर्वरी खुर्चीतून उठून उभीच राहिली. मन्याड चौतीस, अंजनी बत्तीस, बोरी एकतीस. तितूर एकोणसत्तर. दुपटीहून जास्त. तिने दोनदा गणित तपासलं, कारण आपला तो बाब्या व्हायला नको. चूक सापडली नाही. मग मात्र तिने लपवलं नाही. तिला अभिमान वाटला, सणसणीत वाटला. ती चालत तितूरला गेली नाही, जवळजवळ पळत गेली.

बातमी तिच्या आधी पोचली होती. ओसरीवर पोरींनी ताटल्या बडवायला सुरुवात केली होती. ओवी सूर्यवंशी, साक्रीची, यंदाची मुलींची प्रतिनिधी, कमरेला ओढणी खोचून हुकूम सोडत होती. जेवणघराच्या दाराशी टोपली होती आणि आत जाणारी प्रत्येक मुलगी कानातली सखी काढून तीत टाकत होती. हा अक्कांचा नियम होता: जेवताना कान मोकळा हवा.

"ताई, बसा," ओवी म्हणाली. "आज शेवभाजी आहे. आणि हे घ्या, आपल्या डेऱ्याचं. घट्ट लागलंय बघा, चमचा उभा राहतो."

शर्वरीने दह्याचा चमचा तोंडाशी नेला आणि तिथेच थांबली.

तिने पाण्याची टाकी हिशेबातून वगळली होती. साबण वगळला होता. बोरीच्या सगळ्या मजल्यांवर फिरणारी मांजरसुद्धा वगळली होती. आणि हे? दही म्हणजे कोट्यवधी जिवंत जिवाणू. इतक्या वर्षांत शेकडो घरांची विरजणं एका डेऱ्यात पडून त्यांचं असं वाण तयार झालं होतं, जे जगात दुसरीकडे कुठे नसेल. ते तितूरची प्रत्येक मुलगी रोज खात होती. साहजिकच प्रत्येकीच्या तोंडात ते सापडलं आणि यंत्राने मान डोलावली: या सगळ्या किती मिसळल्या बघा. बाहेरच्या माणसाने पहिल्या दिवशी विचारलं असतं, इथे एवढं दही का खातात? शर्वरीला विचारावंसं वाटलं नाही, कारण ती स्वतः वर्षानुवर्षं तेच खात आली होती.

तिने चमचा खाली ठेवला. अक्कांना बाजूला ओसरीच्या टोकाला नेलं आणि सगळं सांगितलं.

अक्का ऐकून घेताना पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे झालं काय? दही काय आभाळातून पडलं? पोरींनीच आणलं, पोरींनीच खाल्लं. यालाच तर सोबत म्हणतात."

"अक्का, एखादी पोरगी वाटी घेऊन खोलीत एकटी बसली आणि कुणाशी शब्द बोलली नाही, तरी यंत्र तिला मिसळलेली म्हणणार. मग मी माणसं मोजलीच नाहीत, दही मोजलं."

"हे कोणाच्या लक्षात येईल?"

"कोणाच्याच नाही."

अक्कांनी आतल्या गोंगाटाकडे बघितलं. त्यांची अठ्ठावीस वर्षं या इमारतीत गेली होती. शर्वरीला वाटलं, आता या म्हणतील गप्प बस, आणि त्या म्हणाल्या तर आपण गप्प बसूही. तिला स्वतःचीच भीती वाटली.

"दही काढून मोज," अक्का म्हणाल्या. "शेवटचे आलो तर शेवटचे. उसन्या दागिन्यावर मिरवायची सवय नाही मला, आणि माझ्या पोरींनाही लावायची नाही. आता जेव आधी. ताट टाकून उठू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरीने यंत्राला तितूरच्या वाणाचा ठसा दिला आणि सांगितलं: हे जिथे दिसेल तिथून वगळ. नवा आकडा आला. तितूर तीस. केसभर फरकाने का होईना, शेवटून पहिली.

तिच्या मनात लगेच कारणं उभी राहिली. नव्या इमारती बंद काचेच्या, तीच हवा आत फिरत राहते, एकीचा श्वास दुसरीला आपोआप पोचतो. तितूरच्या ओसरीवरून वारा सगळं उडवून नेतो. कारण खरंही असेल. पण आकडा नावडता आला म्हणून कारणं शोधणाऱ्याचा तराजू कोण मानेल? तिने ते लिहून ठेवलं, आकडा मात्र बदलला नाही.

ओवीला तिने स्वतः सांगितलं. पोरीला आधी समजलं नाही, मग समजलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, तुम्ही आमच्या की त्यांच्या?"

"मी तितूरचीच आहे गं. म्हणून तर."

"तितूरची असतात ती तितूर पाडत नाहीत," ओवी म्हणाली आणि वळून चालू लागली. त्या दिवसापासून ओसरीवर शर्वरी दिसली की बोलणं थांबायचं. तिला ते फार लागलं. घरच्या माणसांनी पाठ फिरवावी तसं लागलं.

सभेला दोन दिवस राहिले, तेव्हा अहवालाची शेवटची तपासणी करताना तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. वाण वगळल्यावर तितूरचा आकडा पडला हे ठीकच होतं. पण बाकीच्या तिघींचेही, तिसाच्या वरच राहून, थोडे थोडे हलले होते. का हलावेत? तिने यंत्राला विचारलं, हे वाण तू नेमकं कुठून कुठून काढलंस?

पडद्यावर ठिपके उमटले. तितूरभर तर होतेच. पण अंजनीच्या पाचव्या मजल्यावर होते. बोरीत होते. मन्याडमध्ये एक-दोन नव्हे, मुठीमुठीने होते. पहिल्यांदा तिला वाटलं, काड्यांची सरमिसळ झाली. दुधाने तोंड पोळलं होतं ना, आता ती ताकही फुंकून पीत होती. पुन्हा तपासलं. सरमिसळ नव्हती. आणि दह्यातले जिवाणू असतात पाहुण्यांसारखे. रोज बोलावलं तर रोज येतात, बोलावणं थांबलं की आठवड्याभरात निघून जातात. म्हणजे या मुली तितूरचं दही एकदा चाखून गेल्या नव्हत्या. त्या पुन्हा पुन्हा खात होत्या.

शर्वरी तडक तितूरला गेली. ओवी दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने पाठ वळवली नाही, पण हातातलं कामही थांबवलं नाही.

"एवढंच सांग. तुमच्या पंगतीला बाहेरच्या मुली येतात का?"

ओवीने आधी अक्कांच्या खोलीकडे बघितलं. दुसऱ्या वसतिगृहाच्या मुलीला जेवू घालायची परवानगी नव्हती. कळलं असतं तर रेक्टरवर कारवाई झाली असती.

"येतात," ती शेवटी म्हणाली. "प्रॅक्टिकलला शेजारी कोणी मुकाट बसलेली दिसली की आमच्यातली एखादी घेऊन येते. मन्याडची ती अन्विता, दिवाळीआधी सामान बांधून बसली होती. मीच ओढून आणलं. कानातली सखी काढून टोपलीत ठेवायला घाबरत होती. आता रोज येते आणि माझ्यापेक्षा जास्त खाते."

"रोज?"

"रोज. डबाही नेते मेली."

शर्वरी तिथेच कठड्यावर बसली आणि हसायला लागली. मग तिने ओवीला जवळ बसवून समजावलं. नदीचं पाणी कुठे कुठे मुरतं ते शोधायचं असलं की उगमाशी रंग टाकतात आणि खाली कुठल्या विहिरीत तो रंग दिसतो ते बघतात. आपण न ठरवता तसाच रंग टाकून बसलो होतो. मी चार नद्यांचं पाणी चार बादल्यांत भरून मोजत होते आणि तितूर आपली बादलीत थांबलीच नव्हती.

"पण हे सभेत सांगायचं तर अक्कांचं नाव येईल," शर्वरी म्हणाली. "नियम मोडला म्हणून."

"सांग की बिनधास्त," मागून आवाज आला. अक्का दारात उभ्या होत्या. "पोरगी उपाशी बसलेली दिसल्यावर नियम काय लोणच्याबरोबर खायचा? काढू देत मला कामावरून. अठ्ठावीस वर्षं जेवू घातलं, कोणाची चोरी नाही केली."

सभागृह भरलं होतं. चारही नद्यांच्या पोरी आपापल्या रांगेत, रेक्टर पुढे. शर्वरीने आधी स्वतःची चूक सांगितली, दह्याची गोष्ट सांगितली आणि दुरुस्त आकडा सांगितला. तितूर, तीस, शेवटची. बाकीच्या रांगांतून कुजबूज उठली. तितूरची रांग ताठ बसून राहिली. ओवीने तशी ताकीदच दिली होती.

मग तिने ठिपक्यांचा नकाशा लावला.

"हे तितूरचं दही," ती म्हणाली. "आणि हे तुमच्या सगळ्यांच्या इमारतींत आहे. वसतिगृह सोडायच्या अर्जांच्या याद्या मी प्रत्येक रेक्टरांकडून मागवल्या होत्या. दिवाळीआधी असा अर्ज ज्या मुलींनी केला आणि मग मागे घेतला, त्यांतल्या बहुतेक सगळ्या या ठिपक्यांत आहेत. दह्याने त्या थांबल्या असं मी म्हणत नाही. दह्यात तसा गुण नाही. कोणीतरी त्यांना पानावर बोलावलं म्हणून थांबल्या. दह्याने फक्त वाट दाखवली."

मन्याडच्या रेक्टर उठल्या. "डॉ. निकुंभ, राग मानू नका. पण तुम्ही स्वतः तितूरच्या ना?"

"हो," शर्वरी म्हणाली. "म्हणून सगळे नमुने आणि सगळं गणित उघडं ठेवलंय. तुम्ही म्हणाल त्याच्याकडून तपासून घ्या."

तेवढ्यात मन्याडच्याच रांगेत एक मुलगी उभी राहिली. अन्विता होती. तिला बोलायचं होतं, पण एवढ्या माणसांत शब्द फुटेना. तिने कानातली सखी काढून मुठीत धरली आणि एवढंच म्हणाली, "गणित बरोबर आहे, मॅडम. मी जेवते तिथे." आणि मटकन खाली बसली. तिच्या शेजारची एक उठली. मग अंजनीतल्या दोघी.

रहाळकरांनी चष्मा पुसला. "मी चार इमारतींत स्पर्धा लावली होती," ते म्हणाले. "त्यांतली एक बाकीच्या तिघींना सांभाळत होती हे मला ठाऊक नव्हतं. तितूर पाडायची नाही. छप्पर नवं घाला. आणि जूनपासून चारही जेवणघरं सगळ्यांना खुली. बाविस्कर मॅडम, तुम्ही नियम मोडलात."

"मोडला," अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"नियमच चुकीचा होता. तो आता राहिला नाही."

तितूरच्या रांगेने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. ओवी शर्वरीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

रहाळकर पडद्याकडे वळून काहीतरी शोधत होते. "एक राहिलं. हा पहिला नमुना कुणाचा? नाव नाही, वसतिगृहाची जागा कोरी, आणि तारीख प्रवेशाच्याही आधीची. याच्यातही ठिपका आहे."

शर्वरीने बघितलं आणि तिला आठवलं. यंत्र नवीन आलं, त्या दिवशी ते चालतं की नाही हे पाहायला तिने स्वतःच्याच गालातून काडी फिरवून घातली होती आणि विसरून गेली होती. तेव्हा तिने कित्येक महिन्यांत तितूरला पाय ठेवलेला नव्हता, घरी मात्र रोज तेच दही खात होती. कोऱ्या जागेखाली यंत्राने आपला अंदाज लिहिला होता: निवासी, तितूर.

"माझा आहे, सर," ती म्हणाली.

पुढच्या रांगेत अक्कांनी पदर सावरला. आजवर कुठल्या पोरीचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं त्यांनी. आताही केलं नाही. शेजारी बसलेल्या मन्याडच्या रेक्टरकडे झुकून, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "यंत्र बरं आहे हो. आमची पोरगी ओळखली त्याने. आणि आणलं होतं तिने थेंबभरच."